अण्णांचा लाल टॅग

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला पहिला हात अण्णांचा लागायचा. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर माझी स्कूटर, अण्णांनी बटण दाबल्याशिवाय ती सुरू करायची कुणाची टाप नव्हती. अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडून ऐन विशीत पिंपरीला आले आणि भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मेंटेनन्स फिटर म्हणून तीस वर्षं राबले. बंद पडलेल्या मशीनला त्यांचा नुसता हात लागला तरी ती चालू होते, असं तिथले ऑपरेटर म्हणायचे. मी मोठी झाल्यावर त्यांना चिडवायचे, की यात हातगुण वगैरे काही नाही अण्णा, तुम्ही फ्यूज आधी बघता आणि बाकीचे शेवटी बघतात. त्यावर ते मिशीतल्या मिशीत हसायचे. म्हणायचे, "त्यालाच गुण म्हणतेत माय."

माय म्हणजे मी. त्यांच्याकडे मुलीला अशीच हाक मारतात.

मला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा नाद आहे आणि तो इंजिनिअरिंगपासूनचा आहे. लग्नाचं वय उलटून चाललेली पोरगी चाकणहून कामावरून आली की गेम खेळत बसते, यावर नातेवाइकांनी जे जे म्हणायचं ते म्हणून झालं आहे. अण्णांनी मात्र कधी नाक मुरडलं नाही. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, आम्ही निगडीत भाड्यानं राहत होतो तेव्हा, मी सुटे भाग आणून पहिल्यांदा कॉम्प्युटर जुळवला. अण्णा शेजारी स्टूल घेऊन बसले. मी बोर्ड बसवलं, कार्ड बसवलं, आणि पॉवर सप्लायपासून, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यापासून, निघणाऱ्या वायरींचा गुंता बघून हात टेकले. तो गुंता अण्णांनी घेतला. कंपनीतल्या कंट्रोल पॅनेलमध्ये बांधायचे तशा त्यांनी त्या वायरी मेणाच्या दोऱ्यानं बांधल्या. दर दोन बोटांवर एक गाठ आणि सगळ्या गाठी एका रेषेत. प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबर छापलेली पिवळी नळी. झाकण लावलं की यातलं काही दिसणार नव्हतं. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, जो पुढं कधी उघडंल त्याला दिसंल की.

मग ट्रक चालवायचा एक गेम मी घेतला. परदेशातले लांबलचक रस्ते, माल भरायचा आणि दुसऱ्या गावी नेऊन टाकायचा, इतकाच खेळ. संध्याकाळी मी खेळायचे आणि अण्णा मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत चहा घेऊन बसायचे. स्वतः ते कधी चारचाकी शिकले नाहीत. पण तीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी पकडलेली, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. इंडिकेटर दे. त्याला जाऊ दे, तू थांब. उतारावर गिअर काढू नको. मी वैतागायचे, पण एखाद्या दिवशी ते देवळात गेले आणि खुर्ची रिकामी राहिली तर खेळायला मजा यायची नाही.

चऱ्होलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो आणि अण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी चहात साखर दोनदा. मग एकदा ते निगडीच्या बस टर्मिनसवर सकाळपासून उभे सापडले. कंपनीची बस का येईना, हे तिथल्या कंट्रोलरला विचारत होते. ती कंपनी बंद होऊन किती वर्षं झाली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, यांच्या हातांना काम देत राहा. डोकं विसरतं ते पुष्कळदा हात विसरत नाहीत.

हे मला पटलं होतं, कारण मी रोज बघत होते. दुपारी काय जेवलो हे अण्णांना आठवायचं नाही, पण नळाचा वायसर बदलायला दिला तर हात आपोआप चालायचे. आणि ट्रकचा गेम सुरू झाला की ते पूर्वीचे अण्णा व्हायचे. तो एक तास आमचा होता. कुठल्या वळणावर पोलीस असतो हे त्यांना माझ्याआधी आठवायचं.

पण खरं सांगायचं तर त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती मीच घडवत होते. घरातल्या प्रत्येक बिघाडाला मला एक तयार उत्तर मिळालं होतं. रिमोट सापडत नाही, अण्णा. गॅस बारीक राहिला, अण्णा. एकदा स्कूटरच्या किल्लीसाठी मी त्यांना अख्खं घर धुंडाळायला लावलं आणि किल्ली माझ्या जॅकेटच्या खिशात निघाली. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. उशीर होतो म्हणून निघून गेले.

गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा मी ठरवलं की आता अण्णांना नुसतं बघायला लावायचं नाही, चालवायला द्यायचं. टेबलाला लावायचं स्टिअरिंग घेतलं, पायाशी ठेवायचे ब्रेक घेतले. नव्या आवृत्तीला जुनं ग्राफिक्स कार्ड पुरेना, म्हणून नवं कार्ड. नवं कार्ड वीज जास्त खातं, म्हणून नवा पॉवर सप्लाय. जुना सप्लाय मी ऑफिसातल्या एकाला देऊ केला होता. नवं सामान यायच्या आदल्या संध्याकाळी तो माणूस चऱ्होलीवरूनच चालला होता, म्हणून मी सप्लाय काढून त्याच्या हातात ठेवलासुद्धा.

नवे खोके आले ते खंडेनवमीला. मी चाकणला कामावर होते. त्या दिवशी सगळ्या कंपन्यांत मशीनची पूजा असते, आमच्याही लाइनवर हार चढले होते. संध्याकाळी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये सडून घरी पोचले तर अण्णांनी खोके उघडून पाटावर मांडले होते. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, शेजारी त्यांची हत्यारांची पेटी, वीज मोजायचा त्यांचा जुना मल्टिमीटर आणि माझं स्टिअरिंग. ते आंघोळ करून, पांढरा सदरा घालून माझी वाट बघत बसले होते. मला खूप बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात ते विसरलं जातं.

दसऱ्याला सुट्टी होती. सकाळीच मी कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आत अण्णांनी बांधलेल्या वायरी तशाच होत्या, एकही गाठ सुटली नव्हती. दोन दिवसांपूर्वी जुना सप्लाय काढताना वायरी त्याच्यापासून सोडवून घेतल्या होत्या, कारण त्या मागच्या बाजूनं प्लगसारख्या उपसून निघतात. नव्या सप्लायबरोबर नव्या वायरींची पिशवी आली होती. पण त्या लावायच्या तर अण्णांची सगळी बांधणी काढून टाकावी लागणार होती. माझा हात धजेना. मी जुन्याच वायरी नव्या सप्लायला लावल्या. बरोब्बर बसल्या. पिशवी न फोडता खोक्यात टाकून दिली.

सगळं जोडून झाल्यावर अण्णांना हाक मारली. त्यांनी हात धुतले, पुसले, नमस्कार केला आणि बटण दाबलं.

आतून टक् असा आवाज आला, बस. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. चौथ्यांदा ते माझ्याकडे बघत दाबत होते. मी म्हटलं, सरका.

मग मी जे करतात ते सगळं केलं. मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, बोर्डवरचा सेल काढून घातला, बटणाच्या वायरी तपासल्या. शेवटी कार्ड बाहेर काढलं आणि त्याच्या सोनेरी दातांवर मला कुंकू दिसलं. बोटाचा लाल ठसा, अगदी दातांच्या कडेवर.

मी चाकणला क्वालिटीत काम करते. दोष निघाला की पाच वेळा 'का' विचारायचं आणि पाचवं उत्तर कधीही माणसाचं नाव नसावं, हे मी नव्या पोरांना शिकवते. शिवाय कार्ड बाजूला काढून ठेवलं तरी कॉम्प्युटर सुरू होत नव्हता, म्हणजे दोष कार्डात नव्हताच. हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला उत्तर आधीच सापडलं होतं. ते समोर पांढरा सदरा घालून उभं होतं.

"अण्णा, तुम्ही हात लावलात का याला?"

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. उजव्या अनामिकेच्या नखात अजून लाल होतं. कालची पूजा त्यांना आठवत होती की नाही, मला माहीत नाही. आठवत नसावी. न आठवणाऱ्या माणसाला आपण केलं नाही असं छातीठोक म्हणता येत नाही.

"लागला असंल माय," ते म्हणाले.

मी विचारलं होतं हात लावलात का, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं हात लागला असेल. यात जो फरक आहे तो त्या क्षणी ऐकू यायला हवा होता. मला राग आवरला नाही. इतके दिवस वाट बघून आणलेली वस्तू, सुट्टीचा दिवस, आणि डॉक्टर म्हणतात हातांना काम द्या, असं काय काय मी बोलत सुटले. तोंडाचा पट्टा चालू झाला की मला थांबता येत नाही, हे आईकडून आलंय. अण्णा आत निघून गेले. थोड्या वेळानं परत आले तर हातात मल्टिमीटर होता आणि त्याच्या दोन्ही पिना त्यांनी बरोबर धरल्या होत्या.

"वायरी बघू का जरा?"

"नका," मी म्हटलं. "आता कशालाही हात लावू नका."

कशालाही, असं म्हटलं मी.

ते पेटीकडे वळले. पेटी उघडून त्यांनी तळातून एक लाल टॅग काढला. हा टॅग मी लहानपणापासून ओळखत होते. मशीनमध्ये काम करायचं तर आधी तिची वीज तोडायची आणि मेन स्विचला हा टॅग बांधायचा. त्यावर छापलेलं असतं, 'काम चालू आहे, हात लावू नका'. आणि नियम असा, की ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. मॅनेजर आला तरी दुसऱ्यानं काढायचा नाही. अण्णांच्या एका मित्राचे हात प्रेसच्या आत असताना कुणीतरी घाईघाईत टॅग काढून स्विच टाकला होता आणि त्या मित्राची दोन बोटं गेली होती. घरात दुसरं कुठलंही व्रत न पाळणारे अण्णा हा एक नियम सोवळ्यासारखा पाळायचे.

त्यांनी भिंतीतला प्लग उपसला आणि टॅग त्याच्या वायरीला बांधला. खाली नाव लिहायची ओळ होती. पेन टेकवून ते बराच वेळ थांबले, आणि मग त्यांनी नावाच्या जागी 'मेंटेनन्स' असं लिहिलं. मला तेव्हा हसू आलं होतं. आपलं नाव लिहिताना ते का थांबले, हा विचार मी केला नाही.

त्यानंतर कॉम्प्युटर तसाच पडून राहिला. कुंकवानं कार्ड गेलं, वॉरंटीत कोण देणार, असं मी ठरवून टाकलं होतं. कंपनीत ऑडिट लागलं. शिवाय तो टॅग दिसला की मला स्वतःचाच राग यायचा आणि तो राग मी दुसरीकडे काढायचे. संध्याकाळचा तो तास गेला. अण्णा माझ्या खोलीत यायचे थांबले.

आणि घरातल्या वस्तूंना हात लावायचे थांबले. हे माझ्या लक्षात यायला महिना लागला. पंखा लावायचा तर ते विचारायचे, "हात लावू का?" नळ सोडायचा तर विचारायचे. सुरुवातीला मला वाटलं, बरं झालं, सावध झाले. दिवसा सोबतीला येणाऱ्या मावशी पाचला जायच्या आणि मी सातला यायचे. थंडीच्या दिवसांत सातला काळोख असतो. एक दिवस दार उघडलं तर हॉलमध्ये अंधार आणि त्या अंधारात सोफ्यावर अण्णा सरळ बसलेले, हात दोन्ही मांड्यांखाली दाबलेले. मी दिवा लावला. का लावला नाहीत, म्हणून विचारलं. म्हणाले, "लावायचा का नको, कळंना. बिघडलं तर काय घ्या."

काय बिघडलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. पण आपल्या हातानं बिघडतं, एवढं राहिलं होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी कॉम्प्युटर उचलला आणि निगडीला दुरुस्तीच्या दुकानात नेला. टॅग बांधलेली प्लगची वायर घरीच राहिली, दुकानात त्यांची स्वतःची असते. वॉरंटीचं विचारावं म्हणून खोकेही नेले. दुकानदार चाळिशीचा, शांत माणूस होता. झाकण उघडून तो आत बघतच राहिला.

"ताई, या वायरी कुणी बांधल्यात? असं काम करणारी माणसं आता राहिली नाहीत."

मी म्हटलं, वडिलांनी. त्यानं एकेका गाठीवरून बोट फिरवलं. मग वायरीच्या मागच्या टोकाकडे आला, सप्लायचं लेबल वाचलं, आणि मल्टिमीटर उचलला. दोन पिना इकडे लावल्या, तिकडे लावल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

त्यानं मला समजावून सांगितलं. वायरी जुन्या सप्लायच्या आहेत आणि सप्लाय दुसऱ्या कंपनीचा आहे. प्लग सारखे असतात म्हणून बसतात, पण आत कुठल्या भोकात कुठली वीज येते ते वेगळं असतं. बटण दाबलं की सप्लायला धोका कळतो आणि तो स्वतःला बंद करून घेतो. त्यामुळेच बाकी सगळं वाचलंय. मी कुंकवाचं विचारलं. त्यानं कार्ड हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, याला काय होतंय, पुसलं की झालं. खोक्यातली न फोडलेली पिशवी त्यानं फोडली. अण्णांची बांधणी चौकटीला धरून ठेवणारे दोरे कापायच्या आधी मला विचारलं. मी मान हलवली आणि दुसरीकडे बघत राहिले. नव्या वायरी लागल्या, बटण दाबलं, आणि पंखे फिरायला लागले.

मी दुकानातच रडले. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला, त्याला वाटलं असावं की आनंदानं रडते आहे.

ज्या प्रेमानं मी ती बांधणी काढली नाही तेच नडलं होतं. हे माझ्यानं सहन होतं. माणसाच्या हातून होतं असं. पण अण्णा मल्टिमीटर घेऊन दारात आले होते. 'वायरी बघू का जरा' म्हणाले होते. त्यांनी कार्ड बघू म्हटलं नव्हतं, बटण बघू म्हटलं नव्हतं. डोक्यातलं निम्मं गेलं असतानाही त्यांचे हात नेमक्या जागी येऊन उभे राहिले होते, आणि मी त्यांना परत पाठवलं. हे मला सहन होत नाही.

घरी आले तेव्हा उन्हं होती. अण्णा बाल्कनीत बसले होते. मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले आणि त्या बांधलेल्या वायरींचा जुडगा त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, अण्णा, कॉम्प्युटर तुमच्यामुळं बिघडला नव्हता. तुमचा हात लागला नव्हता. चूक माझी होती, मी जुन्या वायरी नव्याला लावल्या.

ते गाठींवरून अंगठा फिरवत होते. चांगलं बांधलंय, म्हणाले. कुणी बांधलंय, असं विचारलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाबरे झाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, पण मधेच थांबवला.

"लागला असंल माय माझा हात," ते म्हणाले. "रडू नको."

मी त्यांना दंडाला धरून खोलीत आणलं. टेबलावर कॉम्प्युटर ठेवला, स्टिअरिंग लावलं, खुर्ची ओढली. प्लग आणि त्याला बांधलेला टॅग भिंतीपाशी लोंबत होता. माझ्या कपाटात दुसरी वायर होती. पण मला तो टॅग त्यांच्याच हातानं काढून हवा होता. मी म्हटलं, अण्णा, काम झालंय. टॅग काढा आणि बटण दाबा, पहिला हात तुमचा.

ते वाकले, चष्मा सारखा केला आणि टॅग वाचला. वाचता वाचता ताठ झाले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं बघत होते.

"न्हाई माय. मेंटेनन्सचा टॅग हाय हा. ज्यानं लावला त्यानंच काढायचा."

"तुम्हीच लावलाय अण्णा."

ते हसले, लहान मुलीच्या थापेला हसावं तसे. "आतमंदी त्याचा हात असंल. येऊ दे त्याला. जेवायला गेला असंल."

आता रोज संध्याकाळी मी चाकणहून येते, दिवा लावते, चहा करते. अण्णा खोलीत येऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात, एवढं तरी झालंय. मी रोज विचारते, काढायचा का टॅग? ते रोज वाचून बघतात आणि नको म्हणतात. दुसरी वायर कपाटात आहे, ती मी काढत नाही. तो माणूस येईल म्हणून आम्ही दोघं बंद कॉम्प्युटरसमोर बसून राहतो.